'लेम्पी'ची तपासणी

मिनिअ‍ॅपोलिस
२६ मे १९६३

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मुलींनी मला हातातही धरू दिलं नाही. नोरीनने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि पेगने लगेच बोटीचं चित्र काढून भिंतीला डकवलं. चित्रात बोटीपेक्षा तुमची टोपी मोठी आहे. चार जुलैला आजोबा आपल्याला लून बेटावर नेणार, ही बातमी आता शेजारच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक झालीय. लॉइड २९ जूनला दोघींना घेऊन निघेल. मला हॉस्पिटलातून सुटी नाही, त्यामुळे माझं येणं ऑगस्टवरच जाणार.

आता एक काम सांगते. रागावू नका आणि शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक माणूस आणला. इथल्याच तळ्यावर बायकोला फिरवायला निघाला होता. इंजिनाची किल्ली फिरवली आणि बोट पेटली. बायको पाण्यात फेकली गेली म्हणून वाचली. त्याचं काय झालंय ते लिहीत नाही. रोज मी त्याच्या पट्ट्या बदलते आणि घरी आले की मुलींना जवळ घ्यायच्या आधी कितीतरी वेळ हात धूत बसते.

तटरक्षक दलाचे काही स्वयंसेवक हौशी लोकांच्या बोटी फुकट तपासून देतात, असं मला इथे कळलं. सक्ती नाही, दंड नाही, कुणाकडे चुगली नाही. सगळं ठीक असलं तर काचेवर लावायला एक स्टिकर देतात. नसलं तर काय कमी आहे ते फक्त मालकाला सांगतात आणि जातात. तुमच्याकडे हे काम कोण करतं म्हणून चौकशी केली, तर चक्क आमच्या ट्रेवॅरो बाई निघाल्या! सातवीत मला गणित शिकवायच्या त्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे शिकून घेतलंय म्हणे.

बाबा, तुमच्या हातांवर माझा भरवसा आहेच. तरी एकदा बोलवा त्यांना. आईच्या नावाची बोट आहे, तिच्यात माझ्या दोन्ही मुली बसणार आहेत. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
आयली


कॉपर कोव्ह
१ जून

आयली,

शेवटपर्यंत वाचलं. मग बाहेर जाऊन तासभर लाकडं फोडली, आणि परत येऊन पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

बाई, तुझा बाप काय काम करायचा ते विसरलीस की काय? खाणीचा पाळणा तीस वर्षं माझ्या हातात होता. मैलभर खोल भुयारात माणसं सोडायची आणि वर काढायची. एकदाही हात चुकला नाही, एक माणूस गेला नाही. 'लेम्पी'चं इंजिन शेवरले गाडीतून काढून मी स्वतः बसवलंय. गाण्यासारखं चालतं. त्या तुझ्या वॉर्डातल्या माणसाने त्याचं कुठल्या दुकानदाराकडून बसवून घेतलं असेल.

आणि बोलवायचं कुणाला, तर ट्रेवॅरोच्या पोरीला! तिचा बाप खाणीचा कॅप्टन होता. खाणीत संप झाला त्या हिवाळ्यात माझ्या बापाचं नाव हजेरीतून त्यानेच खोडलं आणि आम्हाला कंपनीच्या घरातून बाहेर काढलं. मी आठ वर्षांचा होतो, सामानाबरोबर बाहेर काढलेल्या आमच्या लोखंडी चुलीवर बर्फात बसलो होतो. विझलेल्या चुलीवर! आम्हा फिनिश माणसांच्या घरात वाकून बघायची ट्रेवॅरोंना जुनी खोड आहे. आता बोटीतही बघणार.

पण तू म्हणतेस, तर बोलावतो. तुझ्या आईने सांगितलं असतं तरी एवढीच कुरकुर केली असती आणि मग ऐकलं असतं.

मुलींना जाड मोजे दे. इथे जुलैतही सरोवराचं पाणी चावतं.

बाबा


कॉपर कोव्ह
१६ जून

आयली,

घे, झालं तुझ्या मनासारखं. काल बाई येऊन गेल्या.

सकाळीच आल्या. पायात रबरी बूट, हातात टॉर्च, खांद्याला शाळेतलीच ती चामड्याची पिशवी. मी धक्क्यावरच उभा होतो. म्हटलं, "या. कॅप्टनसाहेबांची मुलगी गरिबाच्या बोटीत पाय ठेवतेय, केवढा मान!" बाई म्हणाल्या, "टाउनो पेल्कोनेन, मान नंतर. आधी लाइफ जॅकेट दाखव." म्हणजे वर्गात जशा बोलायच्या तशाच.

मी आपली सहा जॅकेट काढून दिली. त्यांनी एक हातात घेतलं आणि चादर पिळावी तसं पिळलं. आतला सावरीचा कापूस पार कुजलेला, काळं पाणी निघालं त्यातून. "हे घालून माणूस बुडायचा राहणार नाही, उलट लवकर बुडेल," म्हणाल्या. मी म्हटलं, "माझी माणसं बुडत नाहीत." त्या म्हणाल्या, "माझा भाऊही असंच म्हणायचा." त्यांचा भाऊ या सरोवरातच गेला, हे मी विसरलो होतो. दुपारीच हॅन्कॉक गावी जाऊन नवी जॅकेट आणली. मुलींच्या मापाची दोन वेगळी, नारिंगी.

दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला. भोंग्यावर खूश झाल्या. आग विझवायचा डबा जुना निघाला, तोही बदलला. मग इंजिनावरचं झाकण उघडून आत डोकावल्या आणि हुंगायला लागल्या. मी म्हटलं, "काय हुंगताय, मांजर मेलंय का आत?" खूप वेळ बघत होत्या. बाईमाणसाला इंजिन बघायची एवढी हौस मी पहिल्यांदाच पाहिली. दोन-चार गोष्टी सांगितल्या, मी बरं म्हटलं. मग वेलदोड्याचा पाव आणि कॉफी घेतली आणि गेल्या. तुझी आठवण काढली. अपूर्णांकात कच्ची होतीस म्हणाल्या.

तर आता काळजी सोड. मुलींना सांग, बेटावर ब्लूबेरी पिकायला वेळ आहे, पण आजीच्या आवडत्या दगडावर बसून मासे भाजता येतील. तो दगड मी वसंतात जाऊन घासून आलोय.

बाबा


मिनिअ‍ॅपोलिस
२७ जून

आदरणीय ट्रेवॅरो बाई,

मी आयली. तेव्हाची आयली पेल्कोनेन. अपूर्णांकात अजून कच्चीच आहे.

बाबांची बोट तुम्ही तपासून दिलीत, त्याबद्दल आभार कसे मानू कळत नाही. बाबांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्यांनी तुम्हाला काहीबाही ऐकवलं असणार, तुमच्या वडिलांवरूनही बोलले असणार. त्यांच्या वतीने मी माफी मागते. आई गेल्यापासून त्यांना त्या बोटीशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. दिवसभर तिच्याशीच बोलत असतात, असं तिथल्या दुकानातले लोक सांगतात.

परवा माझा नवरा मुलींना घेऊन निघतोय, आणि चार जुलैला सकाळी सगळे लून बेटावर जाणार आहेत. इथे रोज जे बघते त्यामुळे माझी झोप उडाली होती. तुम्ही बोट पास केलीत हे बाबांच्या पत्रातून कळलं आणि तेव्हापासून मी शांत झोपतेय. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं.

तुमची विद्यार्थिनी,
आयली ग्रीर


कॉपर कोव्ह
१ जुलै

प्रिय आयली,

तुझं पत्र आज मिळालं. उत्तराची घाई आहे म्हणून हे खास टपालाने पाठवते आहे. घरापर्यंत आणून देतात.

तू आभार मानले आहेस. ते मला घेता येत नाहीत.

आता नीट वाच. आम्ही बोट तपासतो तेव्हा मालकाला एक शब्द दिलेला असतो. आत जे दिसेल ते त्याच्या आणि आमच्या मध्येच राहील. पोलिसांना नाही, शेजाऱ्याला नाही, घरच्यांनाही नाही. या एका शब्दावर लोक आपली झाकणं आम्हाला उघडू देतात. मी तो मोडला, तर उद्या या किनाऱ्यावरचा एकही माणूस मला बोटीजवळ उभं करणार नाही, आणि ज्या बोटी सर्वांत वाईट आहेत त्याच कधी उघडल्या जाणार नाहीत. म्हणून तुझ्या वडिलांच्या बोटीबद्दल मी तुला काहीही सांगणार नाही. विचारू नकोस.

पण तुला शिकवायला मला कुणी मनाई केलेली नाही.

पास झालेल्या बोटीच्या डाव्या बाजूच्या काचेवर स्टिकर असतो. तळहाताएवढा. तो लपवायचा नसतोच. धक्क्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतो.

दुसरं. मोटारीचं इंजिन मोटारीत असतं तेव्हा त्याच्याखाली मोकळी हवा असते. बोटीत त्याच्याखाली लाकडी तळ असतो. पेट्रोलची वाफ जड असते, वर जात नाही, खाली पाण्यासारखी साचते. म्हणून बोटीच्या इंजिनाला ज्वाळा अडवणारी जाळी लागते, आणि तळातली वाफ बाहेर काढणारे पाइप लागतात. लाटांचं पाणी आत येतं म्हणून काही लोक त्या पाइपांत चिंध्या कोंबतात. मग एक ठिणगी पुरते. हे सगळ्या बोटींना लागू आहे.

सर्वसाधारण गोष्ट म्हणून हेही सांगते, की असे भाग मागवावे लागतात. ते यायला आणि बसवायला उन्हाळा निघून जातो. उन्हाळा वाया घालवणं कुणाच्याही जिवावर येतं.

उद्या मी एका ओळखीच्या माणसाकडे पुन्हा जाणार आहे. गेल्या आठवड्यात गेले होते, त्याने दार उघडलं नाही.

एडिथ ट्रेवॅरो


तार
मिनिअ‍ॅपोलिस, ३ जुलै, संध्याकाळ

टाउनो पेल्कोनेन, कॉपर कोव्ह

मुलींना बोटीत चढवू नका. लॉइडला सांगा बोटीपासून लांब ठेव. बाबा ऐका. आयली


कॉपर कोव्ह
४ जुलै

प्रिय आयली,

दुकानदार धावत येऊन म्हणाला की तू त्याच्या दुकानातल्या फोनवर रडत होतीस. सगळे सुखरूप आहेत, हे तुला लगेच सांगायला मी त्याला परत पिटाळलं. मुली व्यवस्थित आहेत, पेग पाव खातेय. मी व्यवस्थित नाही. काय झालं ते आता ऐक, कारण उद्या सकाळी मी मुलींना घेऊन इथून निघतोय.

सकाळी आम्ही सगळं सामान घेऊन धक्क्यावर गेलो. तर तिथे एक म्हातारी बाई आधीच बोटीत बसलेली! बरोब्बर इंजिनाच्या झाकणावर, मांडीवर पिशवी घेऊन. तुझी शाळेतली बाई म्हणे. तुझे बाबा तिला "उठा, उठा" करतायत आणि ती ढिम्म हलत नाही. मग दोघांचं हळू आवाजात काहीतरी भांडण झालं. मला काही ऐकू आलं नाही. मी विचारलं, "काही मदत करू का?" तर दोघंही एकदम म्हणाले, "नको!"

मग तुझ्या बाबांनी आम्हाला सांगितलं, की इथेच थांबा, बाईंना एक फेरी मारून आणतो. चार जुलैला, पोरी जॅकेट घालून उभ्या असताना, यांना म्हाताऱ्या बाईला फिरवून आणायचं सुचलं. दोघं वल्ह्याने दूर गेले, तिथे इंजिन सुरू केलं. काही बिघडलेलं नव्हतं. मस्त आवाज होता. टोकापर्यंत जाऊन परत आले. तुझे बाबा शिट्टी वाजवत होते.

धक्क्याला लागल्यावर इंजिन बंद केलं आणि झाकण उघडून दोघंही आत बघत बसले. पाच मिनिटं झाली. पोरी कंटाळल्या. मी सिगारेट पेटवली, म्हटलं सामान तरी चढवायला घेऊ, आणि टोपली घेऊन एक पाय बोटीत टाकला.

आयली, तुझे बाबा वळले, त्यांनी मला पाहिलं, आणि फिनिशमध्ये काहीतरी ओरडत बैलासारखे अंगावर धावून आले. दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. मी टोपलीसकट सरोवरात! पाणी असं, की श्वासच येईना. घड्याळ गेलं, सिगारेटचं पाकीट गेलं, तुझ्या आईची ती टोपली गेली. आणि त्यांनी मला वर काढायला हातसुद्धा दिला नाही. मी शिडीने चढून आलो, तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून इंजिनाच्या वायरी उपटत होते. मुलींसमोर, आयली. ती बाई तर पोरींना घेऊन झाडांकडे पळत सुटली होती.

तेव्हापासून ते सॉनाच्या, त्या वाफेच्या खोलीत बसून आहेत. खोली तापवलेली नाही, नुसतेच आत बसलेत. आतून कडी लावलीय. मी मरणाचा काकडलोय.

दहा वर्षं त्यांना मी आवडत नाही हे मला माहीत होतं. पण हे जरा जास्तच झालं.

लॉइड


कॉपर कोव्ह
६ जुलै

आयली,

काल ते तिघं गेल्यावर तुझी तार आली. सुटीमुळे अडकली होती. मी ती टेबलावर उघडी ठेवलीय आणि तिच्याकडे बघत लिहितोय.

लॉइडने तुला लिहिलं असणार. जे लिहिलं असेल ते खरं आहे. मी त्याला ढकललं. का ते त्याला सांगायला हवं होतं. दोन दिवस तोंड उघडायचा प्रयत्न केला, उघडलं नाही. मुली गाडीत बसल्यावर खिडकीशी गेलो होतो, तेव्हाही नाही. म्हणून आता तुला सांगतो, तू त्याला सांग.

त्या दिवशी बाईंनी बोट पास केली नव्हती. झाकण उघडून त्यांनी मला विचारलं होतं, "हा कार्बोरेटर मोटारीचा आहे ना? जाळी कुठाय? आणि पाइपांत या चिंध्या कुणी कोंबल्या?" मी म्हटलं मी. त्या म्हणाल्या, "टाउनो, ही बोट धक्क्यावरून हलवू नकोस. नातींना तर हिच्याजवळही आणू नकोस." मी भाग मागवायचे म्हटलं, तर ऑगस्ट उजाडणार होता. चार जुलै जाणार होता. चिंध्याही तशाच राहू दिल्या. आणि सांगत कोण होतं? ट्रेवॅरो. म्हणून तुला जॅकेटचं सविस्तर लिहिलं आणि इंजिनाचं लिहिलं नाही. खोटं एकही वाक्य लिहिलेलं नाही, असं मी स्वतःशी म्हणत होतो. तुला फसवायला ते पुरलं.

दोन तारखेला त्या पुन्हा दाराशी आल्या. लॉइड मुलींना घेऊन दुकानात गेला होता, मी आत होतो. उघडलं नाही.

चार तारखेला धक्क्यावर गेलो तर झाकणावर बसलेल्या. मला म्हणाल्या, "तुला अडवायचा मला हक्क नाही. पण मुलींच्या आधी मी. धक्क्यापासून लांब ने, तिथे चालू कर. आपण दोघंच."

मी म्हटलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून म्हणते, लवकर आटप."

मी वल्ह्याने आत नेली. किल्लीवर हात ठेवला. त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती, पण नजर माझ्यावरच. मी फिरवली. एका फटक्यात चालू झालं! आयली, तुला काय सांगू, मला असा आनंद झाला, की जणू संपात आम्हीच जिंकलो. टोकापर्यंत नेली, गरकन वळवली. म्हटलं, "काय बाई, आहात ना जिवंत?" त्या म्हणाल्या, "आहे. आता धक्क्याला लावून बंद कर, आणि झाकण उघड."

"कशाला? चाललं की!"

"गार इंजिन कुणाचंही चालतं. तापून बंद झालं की बघायचं असतं. तू तीस वर्षं इंजिनावर काढलीस, तुला हे मी सांगायला हवं?"

त्यांचं तोंड बंद करायला म्हणून मी झाकण उघडलं.

तापलेल्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं. संथ, थेंबाथेंबाने, जसं काही त्याला घाईच नाही. खाली तळात जे पाणी असतं त्यावर इंद्रधनुष्य पसरलं होतं. वास डोळ्यांत गेला. मी तिथे वाकून उभा राहिलो आणि हिशेब केला. आता मुली चढल्या असत्या. मी झाकण बंदच ठेवलं असतं. नोरीनने मागे लागून किल्ली फिरवायला मागितली असती, कारण मी तिला तसं कबूल केलं होतं. मी तिचा हात धरून फिरवू दिली असती.

बाई एक शब्द बोलल्या असत्या तर मी त्यांना पाण्यात टाकलं असतं. त्यांनी नुसतं वर पाहिलं, मग म्हणाल्या, "टाउनो. मागे."

मागे लॉइड. एक पाय बोटीत, काखेत टोपली, ओठांत पेटलेली सिगारेट. आणि त्याच्या मागे, हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर, दोघी.

इंग्रजी शब्द आठवलाच नाही. चाळीस वर्षं ही भाषा बोलतोय, त्या क्षणी एक शब्द नव्हता तोंडात. म्हणून ढकललं. त्याला नीट सांगून कळेस्तोवर त्याने राख झटकली असती. बाई माझ्याही आधी धक्क्यावर पोचल्या होत्या. मी ऐकलं, त्या मुलींना म्हणत होत्या, "चला, बघू त्या झाडाला आधी कोण शिवतं!" आवाजात जराही थरथर नव्हती.

मी वायरी काढल्या, बोट दूर नेऊन नांगरली, सगळं उघडं टाकलं. वारा दिवसभर तिच्यातून गेला.

सॉनात बसून मला एकच गोष्ट सुचत होती. पाळण्यावर तीस वर्षं एक माणूस गेला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण दर आठवड्याला एक माणूस यायचा आणि तो दोर इंचाइंचाने तपासायचा. त्याने सांगितलं की आम्ही पाळणा बंद ठेवायचो, कितीही खोळंबा होवो. मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही. तो काही ट्रेवॅरोची पोरगी नव्हता ना.

इंजिन बाहेर काढलंय. भाग मागवलेत. बाई येतात, बसून बघतात, चुका काढतात. आमचं अजून पटत नाही. काल त्यांच्या बापावरून बोलणं निघालं, त्या म्हणाल्या, "चुलीचं मला माहीत नव्हतं." एवढंच म्हणाल्या. मीही पुढे गेलो नाही.

लॉइडचं घड्याळ गळ टाकून शोधतोय. पाणी खोल आहे, मिळायचं नाही.

तू काय म्हणशील ते मी ऐकेन. काही म्हणाली नाहीस तर तेही समजेन.

बाबा


मिनिअ‍ॅपोलिस
१३ जुलै

बाबा,

तुमचं पत्र आल्याला तीन दिवस झाले. दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं, हे पाठवतेय.

तुम्ही मला फसवलंत. मी तुम्हाला त्या माणसाबद्दल लिहिलं होतं, कारण मला वाटलं होतं की तेवढं लिहिलं की पुरे. तुम्ही ते वाचलंत आणि तरी चिंध्या काढल्या नाहीत. भाग यायला वेळ लागतो, बाबा, चिंध्या काढायला किती लागतो? तीन तारखेला संध्याकाळी दुकानाचा फोन लावत मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते. पलीकडे नुसती घंटी वाजत होती. सुटीची दुकानं बंद. सकाळी पुन्हा लावला, पुन्हा घंटी. दुकानदाराने उचलला तो फार उशिरा. ती घंटी वाजताना मी काय काय पाहिलं ते तुम्हाला कधी सांगणार नाही. आणि तुम्ही तेव्हा टोपलीत पाव भरत होतात.

तुमचा अभिमान आणि तुमचा संप आणि तुमची बर्फातली चूल, हे सगळं ऐकत मी मोठी झाले. ते खरं आहे. पण माझ्या मुली त्या संपात नव्हत्या. आणि बाईंनी तुमच्यासाठी काय केलं ते तुम्ही असं लिहिलंय, जणू त्या हवा खायला बोटीत बसल्या होत्या. ती किल्ली फिरवताना काय होऊ शकतं हे तुम्हाला पटत नव्हतं, त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना सगळं माहीत होतं, बाबा, आणि त्या इंजिनावर बसल्या. तुम्ही त्यांचे आभार मानलेत का? पत्रात कुठे दिसलं नाही. मानले नसतील तर हे वाचून झाल्यावर उठा आणि जा.

लॉइडला मी सगळं वाचून दाखवलं. तो उठला. मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, आणि मी गेले तर रडत होता. म्हणाला, "माझ्या हातात होती ती सिगारेट, आयली." त्या दिवसापासून त्याला तुमचा राग आला होता, आता त्याला स्वतःचीच भीती वाटतेय. त्याची समजूत मी घालू शकत नाही. ती तुम्हालाच घालावी लागेल. तोंड उघडत नसेल तरी.

मुलींनाही सांगितलं. आजोबांनी डॅडींना का ढकललं, हे त्या रोज विचारत होत्या. मी काही लपवलं नाही. बोट वाईट होती हे आजोबांना माहीत होतं, तरी त्यांनी आपल्याला चांगली आहे असं भासवलं, हेही सांगितलं. पेगला ते फारसं कळलं नाही. नोरीनला कळलं. ती जेवली नाही. झोपताना तिने विचारलं, "म्हणजे आता आपण आजोबांकडे जायचं नाही का?"

मी म्हटलं, जायचं. पण आधी मी त्यांच्याशी भांडणार आहे, खूप मोठं, आणि मग जायचं.

हे ते भांडण. आता झालं.

आम्ही चौघं दहा ऑगस्टला येतोय.

आयली